सहा ओळींत न मावलेले मेनाशेकाका

मेनाशेकाकांच्या बायकोचा, हॅनामावशींचा, फोन सकाळी आठला आला. "काका गेले गं. झोपेतच." मग जरा थांबून, "उद्या दफन आहे. युसूफला मात्र तू कळव. मला ते जमायचं नाही." आवाज नेहमीसारखाच होता, कोरडा, अलिबागकडच्या हेलाचा. युसूफ आणि काका दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याला कारण मी लिहिलेल्या सहा ओळी होत्या. याच पुरवणीत छापलेल्या.

मेनाशे झिराडकर बेने इस्रायल होते, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घराणं तेल गाळणाऱ्यांचं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात 'शनवार तेली'. विशीत ते आईवडिलांबरोबर इस्रायलला गेले, रामले गावात राहिले, आणि पुढे नोकरीसाठी जर्मनीत लुडविग्सहाफेनला आले. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केलं. मी पुण्यातल्या एका दैनिकात नऊ वर्षं परदेशच्या पानावर होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. पहिल्याच महिन्यात ट्राममध्ये नवऱ्याला फोनवर भाजीची यादी सांगत होते, तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "बाई, कांदे दोनच किलो सांगा. इथे साठवले की कोंब फुटतात." मी वळून पाहिलं. राखाडी कोट, टोपी, मांडीवर पावाची पिशवी. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो.

युसूफ तिथेच भेटला. तो नाब्लुसजवळच्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेला पॅलेस्टिनी. वडिलांचं मूळ घर मात्र रामलेतलं, इस्रायल झाला तेव्हा सुटलेलं. तोही त्याच कारखान्यात फिटर होता. दोघांची ओळख कँटीनच्या रांगेत झाली. सूपमध्ये डुक्कर आहे का, हे काकांनी विचारलं आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या युसूफनेही तेच विचारलं. वाढणारी बाई वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच टेबलावर बसा, म्हणजे मला एकदाच सांगावं लागेल." ते बसले, आणि तेवीस वर्षं बसत राहिले. काका त्याला 'नवाब' म्हणायचे, कारण तो स्वतःचा चहा कधी स्वतः ओतून घ्यायचा नाही. तो काकांना 'शेफ' म्हणायचा, जर्मनमध्ये साहेब. एकदा टीव्हीवर दोघांच्याही पुढाऱ्यांनी हस्तांदोलन केलं, तेव्हा काकांनी घरी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने मलिदा केला होता, नवस फेडताना करतात तो गोड पोह्यांचा. पोह्यांवरचं खोबरं युसूफने खवलं. "नवस बोललोच नव्हतो," काका सांगायचे, "पण फेडून मोकळा झालो. घाई नडली."

मी आले तेव्हा दुसऱ्या इंतिफादाचं, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाचं, चौथं वर्ष चालू होतं. बसमध्ये स्फोट झाला की काका रामलेला भावाला फोन लावत. नाब्लुसमध्ये संचारबंदी लागली की युसूफ त्याच्या भावाला. लाइन कोणाला आधी लागते यावरून दोघं एकमेकांना चिडवत, आणि लागेपर्यंत दोघांपैकी कोणी जेवत नसे.

त्या सुमारास या पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडे मजकूर मागितला. इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात शांतता होईल का, यावर साध्या माणसांची वैयक्तिक मतं. पुढाऱ्यांची नकोत. प्रत्येकाला सहा ओळी, कोणालाही कमी-जास्त नाही. युसूफला मी त्याच्या घरी भेटले. तो म्हणाला, "होईल. दोघंही दमले की होईल. पण माझा भाऊ रोज चार तास इस्रायली सैन्याच्या चौकीवर उभा राहतो आणि अजून दमलेला नाही." नेमक्या सहा ओळी भरल्या. काकांना त्यांच्या स्वयंपाकघरात विचारलं. ते बराच वेळ बोलले. दैनिकाच्या संपादकीय डेस्कवर आम्हाला शिकवलं होतं की मजकूर जास्त झाला तर खालून कापायचा, कारण महत्त्वाचं वर असतं. मीही तसंच कापलं. बातमीत ते असतं. मेनाशेकाकांसारखी माणसं मात्र महत्त्वाचं शेवटी बोलतात... हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

अंक टपालाने तीन आठवड्यांनी आला. रविवार होता. काकांनी चष्मा लावला आणि युसूफला एकेक ओळ जर्मनमध्ये करून ऐकवू लागले. आधी युसूफचं मत. "गेनाऊ," तो खूश होऊन म्हणाला, "अगदी असंच म्हणालो मी." मग काकांचं स्वतःचं. शेवटची ओळ अशी होती: 'आम्हाला त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही.' काकांनी ती वाचली, आणि पान उलटून मागे पाहिलं. मागे जाहिरात होती.

"एवढंच?" युसूफने विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. छापून आलेल्या मजकुराची बाजू मांडायची नाही आणि माफीही मागायची नाही, ही डेस्कची आणखी एक शिकवण. मी कपाकडे पाहत राहिले.

"या," काका म्हणाले. म्हणजे जर्मनमध्ये हो. "छापलंय ते एवढंच."

"आल्झो. असं तर. तेवीस वर्षं माझ्या हातचं खातोस, शेफ." युसूफने बूट चढवले, हॅनामावशींना नमस्कार केला आणि जिना उतरून गेला.

आठवड्याने मी काकांना विचारलं, की तुम्ही पुढचं का सांगितलं नाहीत? "अगं, त्याच्यासमोर तुला खोटं पाडू? तू लेकीसारखी. तूच सांग त्याला, सवडीने." मी सांगितलं नाही. सवड पुष्कळ होती. आधी वाटलं, राग निवेल. मग इतके दिवस गेले की विषय काढणंच अवघड झालं. काकांनी मला पुन्हा कधी आठवण केली नाही, फक्त रविवारी जेवताना मधूनच, "नवाब काय म्हणतोय? दिसतो का कुठे?"

मावशींचा फोन आला त्या सकाळी मी युसूफकडे गेले. त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "कधी?" मी सांगितलं. मग जुनी वही काढून काकांच्या छापलेल्या शेवटच्या ओळीपासून पुढचं वाचलं, जर्मनमध्ये करून. "आम्हाला त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही, कारण त्यांची घरं आमच्याकडे आहेत. युसूफच्या वडिलांचं घर होतं त्याच्या पलीकडच्या गल्लीत माझा भाऊ राहतो. ज्याची वस्तू आपल्या घरात आहे तो दारात आला की भीती वाटणारच. युसूफ दारात आला की मला नाही वाटत. पण मी इथे राहतो, म्हणून..."

युसूफ भिंतीला टेकून उभा होता. "तो स्वतः का नाही बोलला?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. रागावला नाही, आणि त्याने मला मोकळंही केलं नाही. "म्हणून काय? पुढे काय म्हणाला?"

पुढे वहीत तीन टिंबं होती. काका पुढेही बोलत होते, हे मला पक्कं आठवतं. त्यांचा हात टेबलावर होता, ओठ हलत होते. सहा ओळींपुरतं केव्हाच मिळालं होतं, म्हणून मी पेन खाली ठेवलं होतं.

युसूफने कोट घातला. आम्ही हॅनामावशींकडे गेलो. दोन वर्षांनी तो त्या स्वयंपाकघरात आला होता. मावशींनी त्याचा हात धरला, बराच वेळ. मग त्याने त्यांनाही तेच विचारलं. तुम्ही इथेच होतात ना त्या दिवशी? पुढे काय म्हणाला तो?

"मी चहा गाळत होते रे," मावशी मराठीतच म्हणाल्या. मग जर्मनमध्ये, "माझं लक्ष नव्हतं."

युसूफने खुर्ची ओढली. "पुन्हा वाच," तो मला म्हणाला. "त्याच्या भाषेत."

त्याला मराठी येत नाही. मी वाचलं. टिंबांपाशी थांबले, आणि तो पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला.