आइस्क्रीमच्या पेटीतली लस

नर्सिंग शिकणारी माझी लेक परवा केजहून आली आणि जेवता जेवता सांगायला लागली, "आई, आज काविळीच्या लशी फेकून दिल्या. फ्रीजमध्ये गोठल्या होत्या. ही लस गोठली की मेली, मग टोचून उपयोग न्हाई."

माझा घास हातातच राहिला. नाकात एकदम व्हॅनिलाचा वास आला.

ती तेव्हा तान्ही होती. धारूरकडच्या आमच्या गावात ऐन वैशाखात लाईट गेलती आणि आरोग्य उपकेंद्रातला काविळीच्या लशींचा फ्रीज बंद पडलेला. नवी सिस्टर रडकुंडीला आलती. तेव्हा दुकानदार नाना म्हणाले, "माझ्या आइस्क्रीमच्या पेटीत ठिवा की. जनरेटर हाय. लई गार ऱ्हातंय." सकाळी बाटल्या निघाल्या त्या बर्फ होऊन, व्हॅनिलाचा वास घेऊन. सिस्टरनं त्या मुठीत धरून वितळवल्या. आत पांढरे कण भिरभिरत खाली बसले, नासलेल्या दुधासारखे. आम्ही बाया म्हणालो, "नानांमुळं लेकरांची लस वाचली." लेकीला कडेवर घेऊन रांगेत पहिली मीच होते. त्या उन्हात ती गार बाटली किती भाग्याची वाटली होती!

"हे काय लागलं?" तिच्या डाव्या हाताच्या बोटाची पट्टी बघून मी विचारलं.

"काल काविळीच्या पेशंटची सुई टोचली," ती हसली. "कुणाला सांगितलं न्हाई. भ्यायचं काय? लहानपणीच लस घेतलीय की मी."

व्हॅनिलाचा वास जाता जाईना. मी ताट सारलं.

"ऊठ. हात धू. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."