तोंडी परवानगी

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही — पण सांगते.

मी डोंबिवलीत दातांची डॉक्टर आहे. मृणाल माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिचा हात हलका — इतका, की इंजेक्शन दिलेलं पेशंटला कळायचंसुद्धा नाही. सर सगळ्यांसमोर तिचं कौतुक करायचे, मी हसून टाळ्या वाजवायचे आणि आतून जळायचे. का नाही जळणार? माझी सख्खी आई दाढ ठणकत असताना म्हणाली, "थांबते गं, मृणालचं क्लिनिक निघू दे." माझं क्लिनिक पुढच्याच गल्लीत असताना!

मृणाल कोलशेतला, आईवडिलांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये क्लिनिक काढणार होती. परवान्यांसाठी काय काय लागतं, हे तिने मलाच विचारलं — मी त्यातून गेले होते ना. बाकी सगळं मी बरोबर सांगितलं. मग सोसायटीच्या ना-हरकत पत्राचा विषय निघाला. चेअरमनकाकांनी तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेलं. ते तोंडी हो म्हणाले होते आणि त्यांच्याकडे लेखी मागायचा तिला संकोच वाटत होता.

इथे काय बोलायला हवं, ते मला पक्कं माहीत होतं. माझ्या सोसायटीने असंच तोंडी हो म्हणून मला रडवलं होतं — पत्र हातात येईपर्यंत मी साधी खुर्चीही आणली नव्हती. आणि तरी मी म्हणाले, "अगं, काका हो म्हणालेत ना? लेखी मागितलंस तर वाईट वाटेल त्यांना. चालतं गं तोंडी."

चालत नाही.

तिने पेशंटची खुर्ची बसवली, पूजा घातली. मग सोसायटीच्या सभेत लोक उठले — पेशंट येणार, वाटेल तिथे गाड्या लावणार. काका म्हणाले, "मी बघू म्हणालेलो, हो कधी म्हणालो?" पत्र नाही, म्हणून परवाना अडला. क्लिनिक उघडण्याआधीच बंद. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मला — कसं सांगू? — बरं वाटलं. आता ती वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्याच्या क्लिनिकात पगारावर आहे. माझा सल्ला चुकला, इतकंच तिला वाटतं. त्याबद्दल तिने मला कधी एक शब्दही ऐकवला नाही.

परवा तिचा फोन आला. शहाडला गाळा मिळतोय, या वेळी सगळं आधी लेखी घेतेय म्हणाली. सगळ्यात पहिल्यांदा मलाच कळवलं. मी भरभरून अभिनंदन केलं.

आणि फोन ठेवता ठेवता मनात आलं — मिळू नये तिला.