एकदा दिलेला नंबर

चेक देशातल्या ब्रनो शहरात, आमच्या कचेरीत, व्लास्तिमिल कुबेलका नंबर वाटतात. काम एवढंच, पण त्यात ते भलते चिकट.

आम्ही लोकांना फुकट वाटायची संगणकप्रणाली बनवतो. तिच्यात येणाऱ्या प्रत्येक डेटाबेसला, टपालासारख्या प्रोग्रॅमलाही, एक राखीव नंबर लागतो; यंत्र त्यांना त्या नंबरानेच ओळखतं. यंत्र फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, नुसता हा नंबर लिहितं. राखीव नंबर मोजकेच. आणि कुबेलकांचा दंडक असा, की डेटाबेस बंद पडला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही.

हे शहाणपण त्यांना ठेच लागूनच आलं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एका बंद डेटाबेसचा नंबर टपालाच्या प्रोग्रॅमला दिला. पुढे अंधांच्या एका ग्रंथालयाने जुनी डिस्क नव्या यंत्राला जोडली. रोजच्या झाडलोटीत टपालाच्या प्रोग्रॅमला आपल्या नंबरच्या जुन्या फाइली दिसल्या आणि त्याने त्या आपल्याच समजून पुसल्या. अकरा वर्षं खपून केलेली बोलक्या पुस्तकांची सूची गेली. कुबेलका स्वतः माफी मागायला गेले. "ग्रंथालयाच्या बाईंनी मला कॉफी पाजली हो," एवढंच सांगतात.

यंदा वसंतात सगळे राखीव नंबर संपले. नेमका तेव्हाच आमच्यातल्या तरुण झ्दिस्लावाचा डेटाबेस तयार झाला. चार वर्षं एकटीने लिहिला होता पोरीने. प्रणालीची नवी आवृत्ती सोमवारी निघणार होती; तोवर नंबर मिळाला नाही, तर पुढली संधी दोन वर्षांनी.

"चारशे बारा द्या ना," ती कुबेलकांना म्हणाली. "तो डेटाबेस बंद पडलाय, बारा वर्षं कुणी वापरला नाही."

"कुणाकुणाला विचारलंत?"

"साहेब, तुम्ही भुतांची कचेरी चालवता."

"भुतं तुमच्यापेक्षा कमी बोलतात, बाई."

तिचे डोळे भरले. मला म्हाताऱ्याचा संताप आला. नियम माणसांसाठी असतात, असं मी तोंडावर बोललोही. त्या दुपारी त्यांनी ताटातले क्नेडलीक, ते पिठाचे उकडलेले गोळे, तसेच सोडले.

जेवणानंतर त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. पडद्यावर नंबरांची यादी उघडी होती.

"दोनशे सत्तेचाळीस घ्या."

"हा तर दिलेला आहे," मी म्हणालो. शंभरदा ती यादी पाहूनही मी ती ओळ कधी वाचली नव्हती. नंबरापुढे लिहिलं होतं: कुबेलका, डेटाबेस, काम चालू. तारीख सव्वीस वर्षांपूर्वीची.

"माझा डेटाबेस कधी बाहेर पडलाच नाही, त्यामुळे या नंबरची एकही फाइल जगात कुणाकडे नाही. कुणाचं काही पुसलं जाणार नाही."

झ्दिस्लावाने वाकून ती ओळ वाचली. "पण तुमचा पुरा झाला तर?"

"रविवारी बसतो अजून त्याच्यावर. एकसष्ट वर्षांचा झालो, झ्दिस्लावा. नाही व्हायचा तो."

मग त्यांनी आपलं नाव खोडलं आणि तिचं लिहायला घेतलं.