एका डोईची चूल

पिंजाऱ्यांच्या बोळात घरं अकरा, आणि त्यातल्या आठ घरांच्या कागदांवर दगडाबाईचं नाव निघालं. रेशनच्या कारकुनाने आठही कागद एकाखाली एक धरले, चष्मा पुसला आणि विचारलं, बोळात दगडाबाई किती आहेत? लोक हसले. दगडाबाईही हसली. हसण्यासारखं काय आहे ते मात्र तिला नीट कळलं नव्हतं.

चव्वेचाळीस साल होतं. नगरात माणशी ज्वारी मोजून मिळू लागली होती, आणि ज्याच्या घरी डोई जास्त त्याचं माप जास्त. बोळ इतका अरुंद, की समोरासमोरच्या दोन बायकांनी आपापल्या उंबऱ्यावर बसून एकाच सुपातलं धान्य निवडावं. एका अंगाला साळ्यांची सहा घरं, दुसऱ्या अंगाला पिंजाऱ्यांची चार, टोकाला जामखेडकडून आलेल्या शेतकऱ्याचं एक. माणसं ऐंशीच्या वर. नळ एक, त्याचं पाणी सकाळी दोन तास.

साळ्यांच्या आणि शेतकऱ्याच्या अशा सात घरी पाणी दगडाबाई भरायची आणि पाळीपाळीने त्याच सात घरी जेवायची. निजायची ती गनीभाई पिंजाऱ्याच्या कापसाच्या खोलीत. गनीभाईकडे ती निजायची पण जेवायची नाही, साळ्यांकडे जेवायची पण निजायची नाही. वीस वर्षांत कुणालाही यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

कारकुनाला वाटलं. एक डोई एकाच घरी, असं त्याने बजावलं. तशी साळूबाई पदर खोचून पुढे झाली. तिचं घर नळाजवळचं पहिलं, आणि दगडाबाईची पहिली घागर तिच्याच रांजणात पडायची. दगडाबाई आमचीच, माझ्या बाळंतपणात तिनेच माझं न्हाणं केलं, असं ती म्हणाली. शेजारीण राहीबाई म्हणाली, न्हाणं तर तिनं सगळ्या बोळाचं केलंय, मग काय सगळा बोळ तुझ्या कागदावर चढवायचा? गनीभाई तेवढा शांतपणे म्हणाला, की माणूस रात्री जिथे पाठ टेकतो तिथलाच धरावा. आपल्यासाठी एवढी माणसं भांडताहेत हे पाहून दगडाबाईला आत कुठेतरी गोड वाटलं. ही ओढ आपली की ज्वारीची, हा विचार तिच्या मनात तेव्हा आला नाही. नंतर आला, आणि मग गेला नाही.

कारकुनाने तिलाच समोर बसवलं. वय विचारलं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा आपण झाडावर चढत होतो, एवढं तिला आठवत होतं. कुठला दुष्काळ ते सांगता येईना. नवरा?

"हुता."

"होता म्हणजे? वारला?"

"बेलापूरला गेला ऊसतोडीला. तिथनं म्होरं न्हाई ठावं."

"मग तू सधवा का विधवा?"

दगडाबाईने साळूबाईकडे पाहिलं. सणावाराला ती कुंकू लावायची, एरवी नाही. बोळाने तेही तसंच चालू दिलं होतं. कारकुनाने तो रकाना कोरा सोडला, आठही कागदांवरच्या तिच्या नावांवर काट मारली आणि नियम सांगितला. एका चुलीवर जेवतात ते एक घर. तुझी चूल कुठे आहे? चूल नाही तर कार्ड नाही. बेस्तरवारी पुन्हा येईन.

आठ ठिकाणी असलेली बाई एका दुपारीत कुठेच उरली नाही. त्या संध्याकाळी पाळी राहीबाईकडे होती. भाकरी मिळाली, पण राहीबाईचा नवरा ताटाकडे पाहत म्हणाला, की मापात चारच डोया आहेत. तो रागावला नव्हता. नुसतं मोजत होता. दगडाबाईने दुसरी भाकरी घेतली नाही.

बुधवारी तिने वेशीबाहेरून तीन दगड आणले. गनीभाईने खोलीबाहेरची पडवी दिली, कापसापासून लांब. शेणमातीने तिने चूल लिंपली, उन्हात वाळवली. नियम पुरा केला, एवढंच तिच्या मनात होतं. बेस्तरवारी कारकून आला, वाकून चूल पाहिली, काडी घालायला लावून धूर निघतो का तेही पाहिलं, आणि लिहिलं. घर बारावं, डोई एक. कार्ड तिच्या हातात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने साळूबाईच्या रांजणात पहिली घागर ओतली आणि रोजच्यासारखी उंबऱ्याशी टेकली. पाळी साळूबाईची होती. साळूबाई आतून आली ती सूप घेऊन. सुपात पीठ, चिमूटभर मीठ, दोन मिरच्या. परगावच्या पाहुण्याला द्यावा तसा कोरडा शिधा.

"ह्ये काय गं?" दगडाबाईने विचारलं.

"आता तुझी चूल हाय, बाई. तू येगळी निघालीस."

"म्या कुठं निघाले? त्यानं सांगितलं म्हनून मांडली."

"चूल काय सांगन्यावरनं मांडत्यात व्हय?" साळूबाईचा आवाज चढला नाही. डोळे मात्र ओले झाले होते. "आमाला निदान इचारायचं तरी."

भाऊ वेगळे होतात तेव्हा आधी चूल वेगळी मांडतात. हे दगडाबाईला ठाऊक होतं. पण आपण कुणापासून वेगळ्या झालो? वेगळं व्हायला आधी कुणाचं तरी असावं लागतं. मग आपण होतो की काय? कार्डाने तिला घर दिलं होतं, आणि तिचं आधीपासूनच एक घर होतं हे ते हातचं गेल्यावर तिला कळत होतं. की अजूनही कळत नव्हतं? तिने सूप उचललं.

पडवीत बसून तिने पीठ परातीत ओतलं. एका माणसाला किती मळायचं याचा अंदाज हाताला नव्हता. गोळा मोठा झाला. पहिली भाकरी तव्यावर पडली तोच शरिफा, गनीभाईची बायको, हातात शेणी घेऊन दारातून डोकावली.

"दगडाक्का, इस्तू दे जरा. आमची चूल इझली."

वीस वर्षं दगडाबाई दुसऱ्यांसाठी घरोघर विस्तव मागत फिरली होती. तिच्याकडे कुणी मागितला नव्हता. ज्याच्याकडे विस्तव मागायचा त्याला घर म्हणायचं, हेही तिला ठाऊक होतं. तिने चिमट्याने निखारा शेणीवर ठेवला. शरिफा फुंकर घालत गेली. देताना आपण हसायला हवं होतं की रडायला, हे ठरायच्या आत तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली होती.