चार नंबरची उपाशी बाई

नाहीदनं नर्सिंगचा कोर्स चंद्रपुरात केला हे खरं. पण तिचं अर्धं नर्सिंग अब्बांच्या शिलाईच्या दुकानात झालं, असं माझं मत आहे. जलालुद्दीन टेलरांचं दुकान एवढं लहान की छातीचं माप देताना गिऱ्हाइकानं दोन्ही हात पसरले, तर एक हात शेजारच्या मोबाइलवाल्याच्या काउंटरवर पडतो. तरी त्या दुकानातून एकाचा पायजमा दुसऱ्याच्या घरी गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. कापड आलं की त्याला टाचणीनं नंबराची चिठ्ठी लागते, आणि शिवलेला कपडा मालकाच्या हाती पडेपर्यंत ती निघत नाही. "नाम भूल जा बेटा, नंबर मत भूल," हे मास्टर तोंडात टाचण्या धरून मुलीला सांगायचे. "नाम तो आधे मोहल्ले का एकच है."

मुलगी हे ऐकत, काजं करत मोठी झाली. उंच, किडकिडीत, भरभर बोलणारी, आणि नीटनेटकेपणाच्या बाबतीत बापापेक्षा दोन टाके पुढं. पहिली नेमणूक झाली ती चामोर्शीच्याही पलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक ओळखीचे आहेत, आणि पुढं जे घडलं ते त्यांनी आधीच पुरेसं गाजवलं आहे. जाताना मास्टरांनी स्वतः शिवलेले युनिफॉर्म दिले. एवढी कडक इस्त्री, की घडी मोडेल म्हणून पोरगी आठवडाभर ड्युटीवर बसलीच नाही. लोकांना वाटलं, काय कामसू आहे!

तिथल्या इनचार्ज नीलिमा सिस्टर. त्यांचा एकच हट्ट होता. पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे पेशंटांचा ताबा, द्यायचा-घ्यायचा तो पलंगापाशी उभं राहून. जाणाऱ्या सिस्टरनं प्रत्येक पेशंटजवळ थांबायचं, येणारीनं त्या बाईच्या तोंडून तिचं नाव वदवून घ्यायचं, मग पुढं सरकायचं. महिनाभर नाहीदनं त्यांच्या मागं मागं फिरून हे केलं. मनातून तिला ते जरा लांबणच वाटायचं. पलंगाला नंबर आहे, कागदावर नंबर आहे, मग रोज सकाळी त्याच बाईला तेच नाव काय विचारायचं? आणि नाव विचारलं की बाई नावावर थांबते थोडीच! माहेर सांगते, दीर सांगते, म्हशीचं दुखणं सांगते.

मार्च महिन्यात तिला पहिल्यांदा बायकांच्या वॉर्डाची सकाळची ड्युटी एकटीनं मिळाली. नेमका त्याच दिवशी जिल्ह्याहून सर्जन येणार होते. ते पंधरवड्यातून एकदा येत, दुपारी एकपर्यंत ऑपरेशनं करत आणि निघून जात. नीलिमा सिस्टर त्यामुळे सकाळपासून ऑपरेशनच्या खोलीत गुंतलेल्या. वॉर्ड नाहीदच्या ताब्यात.

पोरगी पाळीच्या कितीतरी आधी हजर. ट्रे पुसला, गोळ्यांच्या वाट्या मांडल्या, प्रत्येक वाटीखाली नंबराची चिठ्ठी. एका पुठ्ठ्यावर लाल अक्षरात 'उपाशी' लिहून त्याला दोरा ओवून ठेवला. रात्रीच्या सिस्टरला बस गाठायची होती. तिनं टेबलापाशीच पर्स काखेत मारून ओव्हर सांगितला : "चार नंबरची हर्नियाची बाई, सोमारी. आज ऑपरेशन आहे, तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. पाच नंबर अंजनाबाई, पायाची जखम, ड्रेसिंग. चल, पलंगाकडं जाऊन येऊ?"

"तुम्ही निघा ताई, बस जाईल," नाहीद म्हणाली. "मी बघते ना."

आता रात्री काय झालं होतं ते सांगतो. वॉर्डातला पंखा बरोबर चार नंबरच्या डोक्यावर. त्याला दोनच चाली. एक बंद, दुसरी हेलिकॉप्टर. सोमारीच्या कुशीत अंगावरचं पोर, त्याला सर्दी. पाच नंबरची म्हातारी अंजनाबाई मात्र उकाड्यानं हैराण. ती म्हणाली, "इथी ये वो पोरी माह्या पलंगावर. लेकराले वारा लागून राह्यला. मले वाराच पाह्यजे." दोघींनी गाठोडी उचलली, पलंग बदलले आणि सुखानं झोपल्या. आपल्याकडं बसमध्येसुद्धा लेकुरवाळीला जागा बदलून देताना कोणी कंडक्टरला विचारत नाही.

सकाळी नाहीदनं चार नंबरच्या पलंगाला पुठ्ठा अडकवला. वर अंजनाबाई बसलेली.

"आजी, आज काही खायचं-प्यायचं नाही हं. पाणीसुद्धा नाही."

"बरं बाई," अंजनाबाई म्हणाली. पायाच्या जखमेला उपास कशाला, हे तिनं विचारलं नाही. दवाखान्यात आल्यापासून तिला न विचारता इतक्या गोष्टी झाल्या होत्या, त्यात ही एक.

पोहे आले. पाच नंबरवर सोमारी ताट बाजूला सारून बसलेली दिसली. नाहीद तिच्याकडं गेली. इथंच थांबली असती तरी निभावलं असतं. पण उत्साह!

"तुम्ही काऊन नाई खात?"

"डॉक्टर काल म्हनत होते का उपाशी राहा म्हनून..."

"ते चार नंबरला. तुम्ही पाच नंबर ना? खा. अंगावर पाजता, उपाशी कशा राहाल?"

सोमारी घुटमळली. "पन बाई, ते हर्निया..."

"मी सांगते ना! खा बरं." आणि नाहीदनं स्वतःच्या हातानं आणखी एक डाव पोहे वाढले. वर लिंबूही पिळलं. पांढऱ्या कडक कपड्यातली बाई एवढं मायेनं सांगते म्हटल्यावर सोमारीनं खाल्लं. आवडीनं खाल्लं. नाहीदला त्या वेळी फार छान वाटलं, हे तिनंच मला नंतर सांगितलं. आणि सांगताना ओढणीचं टोक तोंडात धरलं.

दहाच्या सुमाराला वॉर्डातल्या मावशी हिरवा गाऊन घेऊन आल्या आणि चार नंबरला चढवून घेऊन गेल्या. अंजनाबाईची काही तक्रार नव्हती. एवढासा पाय, पण सरकार किती मनावर घेते, असा तिचा चेहरा. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात सर्जनांनी विचारलं, "नाव काय, बाई?"

"अंजनाबाई."

"हर्निया कुठं आहे?"

"तो कोन? आमच्या वार्डात नाई जी."

डॉक्टर गाऊनसकट वॉर्डात आले. मागोमाग लंगडत अंजनाबाई. सोमारीला शोधायला वेळ लागला नाही. ती पोराला थोपटत, तृप्त होऊन बसली होती.

"काही खाल्लं का?"

"हाव जी. पोहे."

"किती?"

"दोनदा."

डॉक्टरांचा पारा चढला. "काल इथल्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं! इतक्या लांबून मी येतो ते तुमचे पोहे मोजायला? एक दिवस भूक आवरत नाही? कोणी सांगितलं खायला?"

फक्त हेलिकॉप्टर चालू. नाहीद तीन हात अंतरावर उभी होती. ट्रे घट्ट धरलेला. तोंड उघडायचं होतं, जीभ वळली नाही.

सोमारीनं एकदाच तिच्याकडं पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "भूक लागली होती जी."

"आता पुढच्या खेपेला या," म्हणून डॉक्टर वळले. पुढच्या खेपेला म्हणजे मोहफुलं वेचायच्या ऐन दिवसांत. आणि मग जखम भरेपर्यंत तेंदूपत्ता, म्हणजे विडीच्या पानांची तोडणी, सुरू. आज ऑपरेशन झालं तर तेंदूच्या हंगामापर्यंत सोमारी वाकायला मोकळी होणार होती. वर्षाचा रोख पैसा त्या पानांत. हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं, कारण तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. नाहीदला ठाऊक नव्हतं. तिनं फक्त नंबर विचारला होता.

एवढ्यावर भागलं नाही. व्हरांड्यात सोमारीचा नवरा मुखरू बसला होता, त्यानं आरडाओरड ऐकली आणि दारातूनच सुरू झाला. "घरी खायले भेटत नाई का तुले? लोकाईसमोर इज्जत घालवली!" सोमारी गाठोडं बांधू लागली. अंजनाबाई गाऊनमध्येच चार नंबरवर येऊन टेकली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी खाऊ का वो आता?"

नाहीदनं तिच्यासाठी पोहे शोधले. संपले होते. दुसऱ्यांदा वाढलेला डाव कोणाचा होता, ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. स्वतःच्या डब्यातल्या पोळ्या तिनं म्हातारीपुढं ठेवल्या आणि सोमारीजवळ गेली.

"तुम्ही सांगितलं का नाही, मीच खायला लावलं म्हणून?"

"तुमी नव्या ना," सोमारी गाठ आवळत म्हणाली. "साहेब तुमाले बोलले असते. मले का? मी तं घरी चालली."

"मग तुम्ही तरी!" नाहीद अंजनाबाईकडं वळली. "तुम्हाला तर माहीत होतं."

"सगळ्याईले माहीत होतं," पोळी मोडत अंजनाबाई म्हणाली. "पन म्हटलं, पोरीची नोकरी जाईन. एवढ्या चांगल्या शिवलेल्या कपड्याची."

सगळा वॉर्ड मान हलवत होता. म्हणजे आपण ट्रे धरून गप्प उभ्या होतो, तेव्हा पलंगापलंगावरच्या बायका आपली इज्जत झाकत बसल्या होत्या. आणि झाकायला पांघरूण घेतलं ते सोमारीचं. नाहीदचे कान एवढे तापले की कोणी थर्मामीटर लावला असता तर तिलाच भरती करून घेतलं असतं.

ती तशीच ऑपरेशनच्या खोलीकडं गेली. एक ऑपरेशन उरकून डॉक्टर चहा घेत होते, शेजारी नीलिमा सिस्टर.

"सर, सोमारीला मी खायला लावलं. ती नाही म्हणत होती. दुसऱ्यांदाही मीच वाढलं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "हे मघाशी का नाही सांगितलं?"

"घाबरले."

"आणि मी त्या बाईला एवढं बोललो."

नीलिमा सिस्टरनं आवाज न चढवता विचारलं, "ओव्हर कुठं घेतला?"

"टेबलावर."

नीलिमा सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. म्हाताऱ्या अंजनाबाईच्या पोटावर होता होता दारातून टळलेलं ऑपरेशन त्या "हं"मध्ये होतं.

"आठला खाल्लंय ना?" डॉक्टर म्हणाले. "तिला म्हणावं थांब. आता पाण्याचा थेंबही नको. दोननंतर शेवटी घेतो." मग घड्याळाकडं बघून पुटपुटले, "चामोर्शीला लग्नाचं जेवण होतं माझं." म्हणजे चुकीची बाई सकाळभर उपाशी, बरोबर बाई आता उपाशी, आणि डॉक्टरही उपाशी. नाहीदच्या पहिल्या एकटीच्या सकाळी बिनचूक पोट भरलं ते फक्त सोमारीच्या पोराचं.

ऑपरेशन झालं. नीट झालं. आत नेण्याआधी डॉक्टर सोमारीला म्हणाले, "मघाशी उगाच बोललो हो बाई." सोमारी एवढी बावरली की तिनंच माफी मागितली.

इथं थांबता आलं असतं. नाहीदलाही तसंच वाटलं होतं. पण दुपारी व्हरांड्यात मुखरू डोकं धरून बसलेला दिसला. तिनं त्यालाही सगळं सांगितलं.

"म्हंजे मी तिले फुकटच बोललो."

"हो, भाऊ. माझ्यामुळं."

"आता घरी का सांगू? मी तं मघाच मायले फोन करून सांगतलं, तुह्या सुनेनं खादाडपना केला अन् आपरेशन गेलं. आतापावतर गावभर झालं असन." त्यानं मोबाइल पुढं केला. "तुमीच सांगा बाई. माह्यावर माय भरोसा नाई ठेवनार. म्हनन, बायकोची बाजू घेते."

त्यानं नंबर लावून स्पीकर सुरू केला. पलीकडं त्याची आई भागीरथा. मागं बायकांचा कलकलाट, बोअरिंगवरच्या हातपंपाच्या दांड्याची करकर.

"मी दवाखान्यातली सिस्टर बोलते. तुमच्या सुनेची चूक नव्हती. मी तिला खायला सांगितलं."

"का म्हनली?"

"चूक माझी होती."

"जोरानं बोल वो! बोअरिंग चालू हाय."

नाहीदनं व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. गोळ्यांच्या खिडकीपुढची रांग, झाडू हातात धरलेल्या मावशी, दारात आलेल्या नीलिमा सिस्टर. तिनं डोळे मिटले आणि ओरडून सांगितलं, "माझी चूक झाली! सोमारी उपाशी राहत होती! मीच तिला पोहे खाऊ घातले!"

रांग वळून बघू लागली. पलीकडं बोअरिंग थांबलं.

"आपरेशन?"

"झालं. बरी आहे ती."

"अन् कोन म्हनली तू?"

"नाहीद. नवीन सिस्टर."

भागीरथा म्हणाली, "थांब, ठेवू नोको. इथी जंगूची माय उभी हाय. सकाळपासून तीच सांगत फिरून राह्यली. तिले बी सांग."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा खडखडाट झाला. नाहीदनं घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.