संदर्भसूचीतलं एक नाव

परवा कपाट आवरताना जुन्या कार्बन पेपरचा वास आला आणि मुरबाडची एक दुपार आठवली.

साठच्या दशकात मी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि भाताच्या जुन्या वाणांवर प्रबंध लिहीत होते. संदर्भसूची मार्गदर्शकांनी तीनदा परत पाठवली होती. कधी आडनाव आधी हवं होतं, कधी वर्ष राहिलं होतं, कधी स्वल्पविराम चुकले होते. चौथ्यांदा कार्बन घालून उतरवून झाली, तेव्हा बोटं निळी पडली होती आणि मान वळत नव्हती.

तेवढ्यात जवळच्या वैशाखरे गावचे शेतकरी काळूबाबा आले. निम्म्याहून जास्त वाण मला त्यांनीच ओळखायला शिकवले होते.

"बाय, ह्ये काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांची नावं."

"मंग माजं कुठं हाय?"

यात फक्त पुस्तकं येतात, असं मी सांगून टाकलं. खरं तर माहिती देणाऱ्या माणसांची नावंही शेवटी घाला, असं मार्गदर्शकांनी कळवलं होतं. मीच विसरले होते, आणि ते पान पुन्हा लिहायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"नाय तर नाय," काळूबाबा म्हणाले. "भातांची नावं बराबर लिवली ना तुमी? मंग झालं."

पान तसंच बांधणीला गेलं. प्रबंध मंजूर झाला, पण ते काळूबाबांना सांगायला जायचा मला धीर झाला नाही.

अर्ध्या तासाचं काम होतं. ते न केल्याचा शीण मात्र अजून उतरलेला नाही.