पाठमोरे नाना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की सुकदेव नाना हवालदार सायकलवरून खाली उतरायचे. वाट चांगली रुंद होती, पण शेवटच्या घरापर्यंत ते सायकल हातात धरून चालत यायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "सायकलवरला पोलीस दिसना का लोकेसले वाटस, कोनले तरी धराले ऊना. पायी चालस तो भेटाले ऊना." ऊना म्हणजे आला, हे मला नंतर कळलं.

ते शेवटचं घर आमचं. जळगावात रुळांपलीकडची वस्ती, तिच्या टोकाला आमची एक खोली. माझे मालक, म्हणजे नवरा, डाळमिलमध्ये कामाला होते. मी देवगडकडची. सातवी झाली, वडील गेले आणि शाळा सुटली. लग्न होऊन इथं आले तेव्हा माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर राहिलं. इथली भाषासुद्धा मला कळत नव्हती. कुणी "कशी शे?" म्हणालं की मी नुसती मान हलवायची.

नानांच्या बीटात, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, चार ठिकाणी भेट-वह्या टांगलेल्या असत. हवालदार येऊन गेला याची खूण म्हणून त्यानं तीत तारीख, वेळ घालून सही करायची, एवढाच तिचा उपयोग. एक वही रेशन दुकानात, एक शाळेत, एक मारुतीच्या देवळात आणि चौथी आमच्या दाराच्या चौकटीला, सुतळीनं बांधलेली. बाकीचे हवालदार 'सर्व ठीक' लिहून सही ठोकत. नाना आधी टोपी काढत, ओट्यावर बसत आणि विचारत, "काय भ्याव शे, माय?" म्हणजे कसली भीती आहे का.

पहिले काही दिवस मी "काही नाही" म्हणायची. पोलिसाशी बोलायचं म्हणजे आपणच काहीतरी केलंय असं मला वाटायचं. आईनंही पत्रात बजावलं होतं, परक्या गावी पोलिसांच्या वाऱ्याला उभी राहू नकोस.

मग मे महिना आला. जळगावचं ऊन मी तोवर पाहिलं नव्हतं. दुपारी दारं लावून सगळी वस्ती आत बसायची. नाना आले, पाणी मागितलं. मी माठावरचं झाकण काढलं, तसे ते काठोकाठ भरलेल्या माठाकडे बघत राहिले.

"पोरी, मे महिना शे. सकायपासून तू घरमा. मग दुपारले माठ भरेल कसा? पानी पेत नही का?"

मी रडायलाच लागले.

गोष्ट सगळ्या बायकांना ठाऊक होती, पण तोंडातून काढायची लाज वाटायची. बायकांच्या संडासाकडे जाणारी वाट बंद पडलेल्या जिनिंग गिरणीच्या भिंतीला लागून जाते. त्या भिंतीला मोठं भगदाड होतं आणि भगदाडात दिवसभर पत्ते कुटणारी, दारू पिणारी माणसं बसत. येता-जाता बोलत. एकानं माझ्या हातातला डबा धरला होता. मी तो तिथंच टाकून पळाले आणि घरी मालकांना सांगितलं, डबा हरवला. तेव्हापासून पहाटे बायकांच्या घोळक्यात एकदा जायचं आणि मग दिवसभर पाण्याला शिवायचं नाही. सगळ्याच तसं करत. शेजारच्या सिंधूअक्का तर पाचवारीचा पदर ओला करून नुसता ओठांना लावत.

नानांनी वही सुतळीतून सोडवली आणि पेन माझ्यापुढं धरलं. "लिख."

"मी? मी सातवीच शिकलेय, नाना."

"मी चौथी. आते लिख. मी सांगस तसं नही, तुले वाटस तसं."

मी लिहिलं. खाली नाव घालायला मात्र धजले नाही, 'वस्तीतील महिला' एवढंच लिहिलं. नानांनी त्याखाली सही केली. मग हे दर भेटीला सुरू झालं. सिंधूअक्का आणि बाकीच्या ओट्यावर येऊन सांगत आणि मी उतरवून घेई. भगदाड बुजवावं. दिवा लावावा. संध्याकाळी कुणीतरी उभं राहावं. पानंच्या पानं भरली.

ठाण्यातल्या कुणीच ती पानं उघडली नाहीत. तिथं मटक्याच्या केसेस मोजत, पुढाऱ्यांच्या सभांचा बंदोबस्त लावत. नाना एकदा वैतागून म्हणाले, "ठानामा इचारतस, केसा कितल्या व्हयन्यात? बाया पानी कितलं पेतस, हाई कोनी इचारत नही."

मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. रोज संध्याकाळी सहा ते सात ते भगदाडासमोर एक रिकामा डालड्याचा डबा पालथा घालून बसू लागले. तोंड भिंतीकडे, पाठ वाटेकडे. हातात भुईमुगाच्या शेंगा. भगदाडातली माणसं दोन दिवसांत पांगली, पण नानांनी बैठक सोडली नाही. आम्ही त्यांच्या मागून जायचो, यायचो. त्या तासात त्यांनी एकदाही मान वळवली नाही. सिंधूअक्का मुद्दाम खोकून म्हणायच्या, "नाना, झोपी गयात का?" तर तसेच पाठमोरे म्हणायचे, "झोपनू तरी वर्दी शे ना अंगावर!" टरफलांचा ढीग मात्र वाढत असायचा.

मी आईला पत्र लिहिलं, इथं एक हवालदार आहेत, माझी काळजी करू नकोस. आम्ही पाणी पिऊ लागलो होतो.

पावसाळा सरल्यावर कळलं की ठाण्यातून वर तक्रार गेली आहे. नाना गस्त सोडून रोज एकाच जागी बसतात. चौकशीला मोठे साहेब वस्तीत येणार होते. आदल्या दिवशी नळावर आमची बैठक भरली. सिंधूअक्का वयानं मोठ्या, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. त्या म्हणाल्या, "गाऱ्हानं सांगं तर साहेब म्हनतीन, यान्या बीटमा इतला त्रास, मग हाऊ करस काय? नानाना नाववर बसी. बठ्ठ्याजनी एकच सांगा. नाना शेतस, आम्हले काहीच भ्याव नही." गाऱ्हाणं केलं तर ठपका नानांवरच येईल, हे आम्हाला पटलं. मलाही पटलं.

मारुतीच्या देवळासमोर खुर्ची मांडली होती, बाजूला नाना उभे होते. साहेबांनी विचारलं, "बायकांना इथं काही त्रास?"

"काही नाही, साहेब."

"त्या भिंतीपाशी?"

"काहीच नाही. नाना लई चांगले शेतस."

साहेबांनी आमच्या घरची वही मागवली. ती चाळता चाळता त्यांचा चेहरा बदलत गेला. "इथं तर पानं भरलीत. बायका म्हणतात भीती नाही आणि वही म्हणते पाणीसुद्धा पीत नाहीत. खरं कोण? हे अक्षर कुणाचं?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. मीही माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. एक शब्द पुरला असता. 'माझं' म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. नानांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि शुद्ध कचेरीच्या मराठीत म्हणाले, "साहेब, मजकूर मी लिहवून घेतला. जबाबदारी माझी."

"म्हणजे एका जागी बसायला मिळावं म्हणून हे लिहवून घेतलंत?"

नानांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

त्यांची बदली चोपड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या दूरक्षेत्रावर, एका आडबाजूच्या चौकीवर, झाली. निघायच्या दिवशी ते आले, तेव्हाही गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरले. मी पदर तोंडात कोंबून दारात उभी होते. मला म्हणाले, "रडू नको. तुम्ही खोटं नही बोलनात. मी तठे बसू तवलग भ्याव नव्हतंच. साहेबनी उद्यानं इचारं, तुम्ही आजनं सांगं." मग माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले आणि गेले.

आठ-दहा दिवसांत भगदाडात पत्ते परत आले. नवे हवालदार सायकलवरूनच हात लांबवून वही ओढत, 'सर्व ठीक' लिहीत. पुढच्या उन्हाळ्यात दुपारी माझा माठ पुन्हा भरलेला राहू लागला.

त्याच उन्हाळ्यात नाना गेले. कुठल्याशा सभेच्या बंदोबस्ताला सकाळपासून उन्हात उभे होते. दुपारी ऊन लागून कोसळले ते उठलेच नाहीत. नव्या हवालदारानं सही करता करता सांगितलं आणि पायडल मारून निघून गेला.

दहाव्याला आम्ही पाच जणी एसटीनं फैजपूरकडच्या त्यांच्या गावी गेलो. ओसरीत काकू, नानांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. सिंधूअक्का म्हणाल्या, "आम्ही जळगावन्या."

काकूंनी मान वर केली. "भितडापाशीन्या बाया का?" मग जवळ बसवून घेत विचारलं, "आते कोन बसस तठे?"

सिंधूअक्का, ज्यांचा शब्द कुणी मोडत नसे, त्या काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागल्या. "मी बोलाले लावं बठ्ठ्यासले, मीच," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी तेवढंही बोलले नाही. अक्षर माझं होतं, हे त्या घरात मी सांगितलं नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वही सोडवली. 'सर्व ठीक'च्या खाली लिहिलं, 'ठीक नाही. मला भीती वाटते.' भिंतीचं सगळं पुन्हा लिहिलं आणि शेवटी माझं पूर्ण नाव घातलं, नवऱ्याच्या नावासकट. सिंधूअक्कांनी खाली अंगठा उठवला. मग बाकीच्या आल्या.

हवालदार चिडला. "बाई, हे काय करून ठेवलं? साहेब विचारतील ना!"

"विचारू द्या," मी म्हटलं. "या खेपेला अक्षर कुणाचं ते मी सांगेन."

विचारायला साहेब आले आणि मी सांगितलं. वहीतल्या माझ्या नावावर बोट ठेवून सांगितलं. तरी भगदाड बुजायला आणखी एक उन्हाळा गेला. दिवा त्याच्याही नंतर लागला.

आता मे महिन्यात दुपार व्हायच्या आत माझा माठ रिकामा होतो. मी तो पुन्हा भरायला उठते आणि झाकण काढताना दाराकडे बघते. तळाला गेलेलं पाणी कुणाला तरी दाखवायचं राहून गेलं आहे.